आधी ऊब, मग घास

आषाढातली पहाट होती. गॅलरीतल्या पिंजऱ्याचं दार सताड उघडं, खाली पिसं पडलेली, आणि काथ्याच्या घरट्यात चार पिल्लं एकमेकांना चिकटून निपचित. रात्री मांजर येऊन गेलं होतं. झेब्रा फिंचची मादी त्यानं नेली, नर उघड्या दारातून उडून गेला. पिल्लं आठ दिवसांची होती. डोळे नुकते किलकिले होऊ लागलेले, पंखांवर पिसांच्या बारीक नळ्या फुटलेल्या, बाकी अंग उघडंच.

एक पिल्लू आधीच गेलेलं होतं. उरलेली तीन हाताला गार लागली. रात्रभर उपाशी असतील, या एकाच विचारानं मी उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवला आणि सगळ्यात मलूल दिसणाऱ्या पिल्लाला आधी भरवला. दुपारपर्यंत ते गेलं. गळ्याच्या पातळ कातडीतून तो पिवळा घास जसाच्या तसा दिसत होता. सहा तासांत त्यातला कणही पुढे सरकला नव्हता. पिल्लू भुकेनं गेलं नाही. गार पडलेल्या शरीरात मी अन्न घातलं म्हणून ते गेलं. आईविना सापडलेलं पिल्लू कुणी दाखवायला आणलं की मी खाण्याचं बोलायच्या आधी त्याला बोट लावून पाहतो, ते त्या दिवसापासून.

फिंचचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही, म्हणजे चार हरभऱ्यांइतकं. आंधळं, जवळजवळ उघडं, आणि स्वतःच्या शरीराची उष्णता राखायची कोणतीही सोय नसलेलं. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, तसंच हे. शरीर जितकं लहान, तितकी त्याच्या मानानं कातडी जास्त आणि उष्णता निसटायला वाट मोठी. कोंबडीचं पिल्लू जन्मताच लवेनं झाकलेलं असतं आणि काही तासांत पायांवर उभं राहतं. फिंचच्या पिल्लाला मात्र पहिला आठवडाभर आईबापाच्या अंगाचीच ऊब लागते. आतड्यांची हालचाल, पाचकरस, रक्ताभिसरण हे सगळं त्या उबेवर चालतं. शरीर गार पडलं की पचन थांबतं आणि घातलेलं अन्न जागच्या जागी आंबू लागतं.

झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापणाऱ्या प्रदेशातली. तिथे उष्णता कमी पडण्याइतकीच ती जास्त होण्याचीही भीती असते, आणि त्यावर या पक्ष्यांनी शोधलेला उपाय अजब आहे. मायलीन मॅरिएट आणि कॅथरीन बुकॅनन या संशोधकांनी २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की अंडी उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत हवा फार तापली तर आईबाप अंड्यांपाशी एक खास आवाज काढतात. तो आवाज अंड्यात ऐकलेली पिल्लं पुढे तापलेल्या घरट्यात जरा आवरती वाढतात, त्यांचं वजन कमी राहतं, आणि त्या हवेत ते त्यांच्या पथ्यावर पडतं. बाहेर हवा कशी आहे याची खबर कवच फुटायच्या आधीच पोहोचलेली असते. आपण बल्ब लावून जी ऊब देतो ती या सगळ्या व्यवस्थेची फार ओबडधोबड नक्कल असते, आणि तीही नीट द्यावी लागते.

मी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं. त्यात एक खोलगट वाटी, वाटीत टिश्यू पेपरच्या घड्या. कापूस घातला नाही, कारण त्याचे धागे नखांत आणि बोटांत अडकतात आणि पाय आवळला जातो. वाटी खोलगटच हवी. सपाट, गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकत जातात आणि त्या वयातली मऊ हाडं तशीच राहतात. खोक्याच्या एका बाजूखाली कमरेला शेक द्यायचं हीटिंग पॅड, वर टॉवेल, आणि वाटीशेजारी थर्मामीटर. अर्धं खोकं उबदार, अर्धं थोडं गार, म्हणजे चुकून जास्त तापलं तर वाटी सरकवता येते. अगदी उघड्या पिल्लाला ३५ ते ३७ अंश सेल्सिअस लागतात, पिसांच्या नळ्या फुटल्यावर ३२ ते ३४ पुरतात, आणि पिसं भरली की २७-२८ पुष्कळ झाले. पण आकड्यापेक्षा पिल्लाकडे पाहावं. पिल्लं एकमेकांवर चढून थरथरत असतील तर ऊब कमी आहे. माना लांब करून, चोच उघडी ठेवून धापा टाकत एकमेकांपासून दूर झाली असतील तर जास्त. सैल पडून, पोटं वर-खाली होत शांत झोपलेली असतील तर ठीक. शेजारी जाळीनं झाकलेल्या वाटीत पाणी ठेवलं की हवा कोरडी पडत नाही.

दोन्ही पिल्लं गरम व्हायला पाऊण तास लागला. मग मी चोचीच्या कडेला हलकं बोट लावलं आणि थोरल्यानं, ज्याला मी त्याच्या आकारावरून थोरला म्हणू लागलो होतो, चोच वासली.

ही चोच वासायची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. चिमणीचं पिल्लू मान ताठ वर करून तोंड उघडतं. फिंचचं पिल्लू मान खाली घालतं, डोकं एका बाजूला पिळतं आणि वरच्या बाजूला तोंड वासतं. आईबाप वरून वाकून, चोचीत चोच घालून, स्वतःच्या गळ्यातून अर्धवट भिजलेले दाणे आत सोडतात. या कुळातल्या पिल्लांच्या टाळूवर काळे ठिपके असतात, काहींच्या तोंडाच्या कोपऱ्यांवर उठावदार गाठी. ऑस्ट्रेलियातल्याच गोल्डियन फिंचच्या पिल्लांच्या तोंडाच्या कडेला निळसर गाठी असतात, आणि ढोलीतल्या अंधारात बाहेरून येणारा थोडासा प्रकाश त्या परतवतात, त्यामुळे तोंड कुठे आहे ते आईबापाला कळतं. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. आफ्रिकेतले विडुआ नावाचे पक्षी कोकिळेसारखी आपली अंडी या फिंचच्या घरट्यात घालतात, आणि त्यांच्या पिल्लांच्या टाळूवर हुबेहूब यजमानाच्या पिल्लांची नक्षी असते. युर्गन निकोलाई या जर्मन पक्षितज्ज्ञानं १९६०च्या दशकात याचा बारकाईनं अभ्यास केला. एका तोंडातले चार-पाच ठिपके किती मोलाचे असतात, ते या चोरीवरून कळावं.

मी भरवत होतो ते एक मिलीच्या सिरिंजनं, सुई काढून, टोकाला मऊ बारीक नळी लावून. पिल्लांना हातानं भरवण्यासाठी तयार पूड मिळते. ती गरम पाण्यात कालवायची, लहान पिल्लाला जवळजवळ पाण्यासारखी पातळ, आठवड्यानंतर ताकासारखी, पुढे दह्यासारखी. ती ३८ ते ४० अंशांवर असावी. ४३च्या वर गेली तर आतली कातडी भाजते, आणि गार झाली तर पिल्लू नाकारतं किंवा पचन मंदावतं. मनगटावर थेंब टाकून बाळाचं दूध तपासतात तसा अंदाज इथे पुरत नाही, थर्मामीटर लागतोच. कालवलेलं अन्न गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावं, आणि उरलेलं दर वेळी टाकून द्यावं. बलक फक्त पूड हाती येईपर्यंतच्या काही तासांपुरता.

पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी नीट पाहिलं तर एक बारीक भोक उघडताना-मिटताना दिसतं. ती श्वासनळीची वाट. पाण्याचा एक थेंब तिथे उतरला तर आठ दिवसांचं पिल्लू वाचत नाही. म्हणून तहान लागली असेल असं समजून चोचीत पाणी घालायचंच नाही, त्याला लागणारं सगळं पाणी अन्नातच असतं. नळी पिल्लाच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे, घशाच्या मागच्या बाजूला न्यायची, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगानं उतरते. आणि पिल्लू स्वतःहून तोंड वासून गिळत असेल तेव्हाच थोडं थोडं सोडायचं. नाकपुडीत बुडबुडा दिसला की थांबायचं.

गळ्याशी कातडीखाली अन्न साठवायची पिशवी असते. पक्षी पाळणारे तिला क्रॉप म्हणतात. फिंचच्या पिल्लाची कातडी इतकी पारदर्शक असते की आईबापानं भरवलेले दाणे बाहेरून मोजता यावेत. आठ-दहा दिवस माझं सगळं लक्ष त्या एका पिशवीवर होतं. भरली की मऊ, गोल फुगा दिसतो. पुन्हा केव्हा भरवायचं ते घड्याळ सांगत नाही, ही पिशवी सांगते. ती जवळजवळ रिकामी झाली की घास द्यायचा. एका वेळी वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे सहा ग्रॅमच्या पिल्लाला ०.६ मिली. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला दिवसभर दर अर्ध्या-पाऊण तासानं लागतं, आठवड्याच्या पिल्लाला दीड तासानं, दोन आठवड्यांनंतर तीन तासांनी. आईबापही रात्री भरवत नाहीत, संध्याकाळी पिशवी गच्च भरून देतात. मीही पहाटे सहाला सुरुवात करून रात्री दहाला थांबत होतो. ऑफिसला पहिले पाच दिवस रजा टाकली, त्याखेरीज हे जमण्यासारखं नव्हतं. अगदी पहिल्या दिवसाचं पिल्लू हातानं जगवणं तर अनुभवी पाळणाऱ्यांनाही क्वचित साधतं. आईच्या घासाबरोबर पोटात जाणारे उपकारक जिवाणू आपल्या सिरिंजमध्ये नसतात.

दिवसातून एकदा, बहुधा पहाटे, पिशवी पूर्ण रिकामी झालेली दिसली पाहिजे. ती फुगलेलीच राहिली, आंबूस वास आला, तर आत बुरशी वाढू लागलेली असते आणि तेव्हा घरगुती उपाय न करता पक्ष्यांचा डॉक्टर गाठावा. धाकट्याच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी मला तशी शंका आली. ऊब एक अंशानं वाढवली, पुढचा घास पातळ केला, डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळपर्यंत पिशवी उतरली. तो दिवस मी फार घाबरून काढला.

वजन रोज पहाटे, रिकाम्या पोटी, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या लहान काट्यावर. झेब्रा फिंचचं पिल्लू बारा दिवसांत जन्मवजनाच्या दहापटीहून जास्त वाढतं. माणसाच्या बाळाशी तुलना केली तर पंधरवडा भरायच्या आत तीस किलो. म्हणूनच एक वेळचा घास चुकला तर तो त्या दिवसाच्या आलेखात दिसतो.

आपल्याकडे सापडलेल्या पिल्लाला दूध पाजायची फार जुनी सवय आहे. दूध, दूधपोळी, दूधभात. प्रेमानं दिलेलं असतं, पण पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही, त्याच्या वंशात कुणी कधी दूध प्यालेलं नाही. जुलाब होतात आणि जिवावर बेततं. दुसरी चूक म्हणजे सगळी पिल्लं एकाच मापानं मोजणं. चिमणी मोठेपणी दाणे टिपते, पण पिल्लांना किडे, अळ्याच भरवते. तिच्या पिल्लाला नुसत्या पिठाच्या गोळ्या दिल्या तर पोट भरूनही ते वाळत जातं. झेब्रा फिंच आणि आपली मुनिया मात्र पिल्लांनाही मुख्यतः गवताचं बी भरवतात, तेही दुधाळ, अर्धवट पिकलेलं. म्हणून मुनिया पावसाळ्यात घरटं करतात. गवताला फुलोरा येतो आणि बोरी-बाभळींवर गवताचे गोल गोळे दिसू लागतात.

मुनियांचा विषय आला आहे तर तो नीट मांडायला हवा. जुन्या मराठीत मनोली म्हणतात तीच ही. झेब्रा फिंच आणि मुनिया एकाच कुळातल्या. लाल मुनियाचं शास्त्रीय नाव अमांडावा हे अहमदाबादवरून पडलं, कारण तिथूनच हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जात. पांढऱ्या पुठ्ठ्याची मुनिया आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात आहे. तिचेच पूर्वेकडचे भाऊबंद चीनमधून जपानात गेले आणि सुमारे अडीचशे वर्षांत त्यांच्यापासून बंगाली फिंच हा पाळीव पक्षी तयार झाला. जगभरचे फिंच पाळणारे अनाथ पिल्लं या बंगाली फिंचच्या घरट्यात ठेवतात. दुसऱ्याचं पिल्लू स्वतःचं मानून भरवणारा इतका मायाळू पक्षी क्वचितच असेल. गोल्डियन फिंचच्या कितीतरी पिढ्या त्यांनी वाढवल्या आहेत. माझ्या ओळखीत कुणाकडे पिल्लं असलेली बंगाली फिंचची जोडी असती तर मी सिरिंज हातात घेतलीच नसती.

मात्र मुनियाचं पिल्लू तुम्हाला रस्त्यावर, बागेत सापडलं तर घरी नेऊन वाढवायच्या भानगडीत पडू नका, असं मी मनापासून सांगतो. झेब्रा फिंच परदेशी पक्षी म्हणून पाळता येते. मुनिया आपली, रानातली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तिला पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं गुन्हा आहे, आणि तो कायदा हवाच होता. हिरव्या मुनियासारखे पक्षी बाजारासाठी पकडून पकडून दुर्मीळ झाले. पिल्लाला पिसं असतील, ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळपास आहेत. कुत्र्या-मांजरांपासून आडोशाला, झुडपात ठेवा आणि लांबून पाहा. उघडं असेल आणि घरटं दिसत असेल तर हातात धरून आधी गरम करा आणि घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत खोटी आहे. घरटंच पडलं असेल तर उबदार खोक्यात ठेवून वनविभागाला किंवा जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला कळवा. तोवर द्यायची गोष्ट एकच, ऊब.

हातानं वाढवलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं, याचं उत्तर क्लाउस इमेलमान या जर्मन शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस दिलं. त्यानं झेब्रा फिंचची अंडी बंगाली फिंचकडून उबवून घेतली. मोठे झाल्यावर त्या नरांसमोर दोन्ही जातींच्या माद्या ठेवल्या, तर ते आपल्या जातीच्या मादीकडे पाठ फिरवून बंगाली मादीपुढे नाचले आणि गायले. आपण कोण, हे त्यांनी भरवणाऱ्याच्या रूपावरून ठरवलं होतं. गाण्याचंही तसंच. नर पिल्लू साधारण २५ ते ६५ दिवसांच्या वयात जवळच्या मोठ्या नराचं गाणं ऐकून मनात साठवतं, मग बोबडं गात गात ९० दिवसांच्या सुमारास त्याचं एक गाणं पक्कं होतं. ते जन्मभर बदलत नाही.

हे वाचलेलं असल्यामुळे माझ्या मनाला एक घोर लागला होता. थोरला माझ्या बोटावर बसून चोच वासायचा तेव्हा फार आनंद व्हायचा, आणि तोच आनंद त्याच्या नुकसानीचाही होता. दोघं एकत्र होते, हे बरं झालं. एकटंच पिल्लू असतं तर माझाच चेहरा त्याच्या डोळ्यांत बसला असता. तेराव्या-चौदाव्या दिवसापासून मी भरवण्यापलीकडे त्यांना हात लावणं सोडलं. एका स्नेह्यांनी त्यांच्याकडची झेब्रा फिंचची जोडी पिंजऱ्यासकट महिनाभरासाठी दिली, ती शेजारी ठेवली. पिल्लं विसाव्या दिवशी वाटीबाहेर आली. पंचविसाव्या दिवशी धाकटीनं राळ्याच्या कणसाला पहिली चोच मारली. हो, तोवर धाकटा ही धाकटी आहे अशी शंका येऊ लागली होती. भिजवून मोड आणलेले राळे, थोडी वरी, पालकाचं पान आणि चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा समोर ठेवला होता. दाणा सोलता येणं ही कला त्यांना शेजाऱ्यांकडे पाहत पाहत जमली. ती मी शिकवू शकलो नसतो. तोवर सिरिंज दिवसातून तीनदा, मग दोनदा, मग रात्री झोपण्याआधी एकदा. पस्तिसाव्या दिवशी मी सिरिंज पुढे केली तर दोघं दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

चाळिसाव्या दिवशी ती त्या स्नेह्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात, दहा-बारा पक्ष्यांच्या थव्यात गेली. थोरल्याच्या गालांवर तेव्हा नारिंगी ठिपके उमटू लागले होते. दोन महिन्यांनी मी पाहायला गेलो. मला त्यांनी ओळखलं असं कोणतंही चिन्ह दिसलं नाही. थोरला एका मादीशेजारी बसून गात होता, रबरी खेळणं दाबल्यासारखं ते त्यांचं किंकिणतं, भरभर गाणं. मी कान देऊन ऐकलं. गाणं शेजारच्या पिंजऱ्यातल्या त्या नराचं होतं, उतरत जाणाऱ्या तीन सुरांसकट. त्याच्या बापाचं गाणं मी गॅलरीत दोन वर्षं रोज सकाळी ऐकलं होतं. त्याच्या शेवटी दोन तीक्ष्ण, वर चढणारे स्वर असायचे. ते यात नव्हते. ते ऐकायच्या वयात थोरला येण्याच्या सतरा दिवस आधीच बाप उघड्या दारातून गेला होता.